‘सगळं ठीक आहे’ म्हणायचं नाही

निवृत्तीनंतर माणसाने काहीतरी नवीन शिकावं म्हणतात. कुणी पेटी शिकतं, कुणी योगासनं. मी साठीनंतर मुलींना खोटं बोलायला शिकवू लागले. सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते दोन, पगारी. आणि सांगायला लाज वाटते, पण मी ते फार चांगलं शिकवत असे.

त्याआधीची माझी सगळी नोकरी लोकांना खरं बोलायला लावण्यात गेली. चाकणच्या रस्त्यावरच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी सिस्टर म्हणून लागले आणि मेट्रन म्हणून बाहेर पडले. मधलं सांगत नाही. बढत्यांच्या गोष्टी ज्याला बढती मिळाली त्यालाच आवडतात.

चाकण पट्ट्यातलं हॉस्पिटल म्हणजे काय, ते मात्र बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे आजारी माणसं कमी आणि जखमी माणसं जास्त. कुणाचा प्रेसखाली हात गेला, कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला, कुणाच्या पायावरून फोर्कलिफ्ट गेली, आणि ज्याचं कंपनीत काही गेलं नाही त्याची ओव्हरटाइम करून घरी जाताना बाइक डिव्हायडरवर गेली. सगळे तरुण, सगळे घाईत. टाके घालत असताना विचारणार, ‘सिस्टर, सेकंड शिफ्टला जाता येईल ना?’

अशा ठिकाणी वॉर्ड चालतो तो ओव्हरवर. शिफ्ट बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला एकेका बेडपाशी उभं राहून सगळी माहिती देते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. बेड नंबर, नाव, काय झालंय, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, कशावर लक्ष ठेवायचं. बस, एवढंच. पण एवढ्यात कुणी एक गोष्ट गाळली तर पुढच्या आठ तासांत कुणाचा तरी जीव जाऊ शकतो.

माझ्या वॉर्डात यात आणखी एक गोष्ट होती, ती मी घातलेली. माझ्या हातून काय चुकलं, हे आधी सांगायचं, मग बाकीचं. हा नियम का आला ते ऐका.

एकदा प्रेस शॉपमधला एक कामगार आला. करंगळीचं टोक मशीनमध्ये तुटलं होतं. त्याच्या मित्राने मोठ्या शहाणपणाने ते टोक उचलून, धुऊन, स्वतःच्या जेवणाच्या डब्याच्या वरच्या खणात घालून आणलं. खालच्या खणात गवारीची भाजी तशीच. सर्जनसाहेबांनी बघितलं आणि म्हणाले, चेंगरलंय, जोडता येणार नाही. टाके पडले, पेशंट वॉर्डात गेला, मित्र कंपनीत परत गेला आणि डबा राहिला ड्रेसिंगच्या टेबलावर. ड्यूटीवर स्मिता होती. स्मिता म्हणजे माझ्या हाताखालची सगळ्यात हुशार पोरगी. शीर कितीही खोल असो, पहिल्या टोचण्यात शोधायची. पण त्या दिवशी तिची साडेतीनची बस होती. ओव्हर देताना ती म्हणाली, ‘सगळं ठीक आहे,’ आणि पळाली. आलेल्या सिस्टरने डबा पाहिला, कुणीतरी विसरलं असेल म्हणून उचलला आणि आमच्या जेवणाच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी माझ्या सुनेने मला डबा दिला होता तो अगदी तसाच, स्टीलचा, तसल्याच कड्यांचा.

पुढचं सांगत नाही. दिवाळीचा अंक आहे, लोक फराळ करता करता वाचतात.

त्या दिवसापासून माझ्या वॉर्डात ‘सगळं ठीक आहे’ म्हणायला बंदी झाली. कुणी म्हटलं की मी तिला पहिल्या बेडपासून परत सुरू करायला लावायची, मग तिची बस जावो नाहीतर तिचं लग्न असो. पोरी मागे माझी नक्कल करायच्या, ती मला ऐकू यायची. पण हळूहळू सवय लागली. समोर कुणी ताठ बसून प्रश्न विचारला की माझ्या सिस्टर्स आधी स्वतःची चूक सांगायच्या. याचा मला फार अभिमान होता. पुढे याच सवयीने मला गोत्यात आणलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी आमच्याकडे पुनावळ्याचे आप्पा आले होते, मांडीचं हाड मोडून. जुनं शेतकरी घराणं. जमिनीतली थोडी हायवेत गेली, उरलेली बिल्डरला गेली, आणि त्यावर जी इमारत झाली तिच्यात आप्पांचे तीन गाळे. एकात दूध डेअरी, दुसऱ्यात जिम आणि तिसऱ्यात त्यांच्या मुलाने, संदेशने, परदेश काढलं होतं. म्हणजे मुलांना परदेशी शिकायला पाठवायचं ऑफिस. आप्पा रोज पलंगावरून उतरायचा प्रयत्न करत आणि मी रोज त्यांना रागवून परत झोपवत असे. संदेश ते बघत होता. मी निवृत्त झाल्यावर महिन्याभरात तो घरी आला.

‘मॅडम, आपल्याकडं नर्सिंगच्या पोरी लई येत्यात. हुशार असत्यात, पण व्हिसाच्या इंटरव्ह्यूला त त प प करत्यात. तुमी फक्त त्यांना रागवा. आप्पासारखा मानूस तुमाला घाबरतो, राव.’

घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा बरं, म्हणून मी हो म्हटलं.

आता हा धंदा काय असतो ते सांगते. नर्सला परदेशी जायला दोन रस्ते आहेत. एक सरळ. इंग्रजीची परीक्षा द्यायची, तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे आपली कागदपत्रं तपासून घ्यायची, त्यांची परीक्षा द्यायची. मग तिथलं एखादं हॉस्पिटल नोकरी देतं आणि त्या नोकरीवर व्हिसा मिळतो. याला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि इंग्रजीच्या परीक्षेत आमच्या पोरी दोन-दोनदा आपटतात. दुसरा रस्ता संदेशचा. तिकडच्या कुठल्याशा कॉलेजात कुठल्याशा डिप्लोमाला प्रवेश घ्यायचा, विद्यार्थिनी म्हणून व्हिसा काढायचा, आठवड्याला जितके तास काम करायची परवानगी असते तितके तास एखाद्या वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करायचं. ‘आणि बाकीचं तिथं गेल्यावर बघू.’

ते ‘बघू’ केवढं मोठं असतं हे मला कळलं नाही, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. मी विचारलंच नाही.

व्हिसा अधिकाऱ्याचा मुख्य प्रश्न एकच असतो: तू खरंच शिकायला चालली आहेस ना, आणि शिकून परत येणार ना? त्यासाठी संदेशकडे एक तयार उत्तर होतं. ‘आमची मावळात वडिलोपार्जित जमीन आहे, मी पर्यटनाचा डिप्लोमा करून परत येणार आणि तिथे रिसॉर्ट काढणार.’ प्रत्येकीला हेच. बीडची, नांदेडची, सावंतवाडीची, सगळ्यांची जमीन मावळात. त्यातली निम्मी रिसॉर्टं जरी उभी राहिली असती तरी पवनेच्या काठावर म्हशीला पाणी प्यायला जागा उरली नसती.

सरावासाठी काचेची एक खोली होती. टेबलामागे अधिकारी म्हणून आप्पा बसत. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, हातात काठी. आप्पांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्यांचं काम फक्त बघायचं. आणि काय बघायचे ते! वाटणीच्या वेळी भावाकडे बघावं तसे. प्रश्न मी शेजारी बसून विचारायची. जी पोरगी आप्पांच्या नजरेपुढे न अडखळता रिसॉर्ट बोलली, ती जगात कुठेही बोलेल, असं संदेशचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं.

पहिली पास झाली स्मिता. तीच, डब्यातली. ती हॉस्पिटल सोडून आली तेव्हा मीच तिची उत्तरं लिहून दिली, माझ्या अक्षरात, आणि पाठ करून घेतली. ती गेली तेव्हा आम्ही ऑफिसात पेढे वाटले. संदेशने तिचा फोटो काचेवर लावला.

मग आली वंदना. हीसुद्धा माझ्याच वॉर्डातली. लातूरकडची, लहानखुरी, कामाला वाघीण. नवरा दत्ता गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. कुरुळीत भाड्याच्या दोन खोल्या, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. पहिल्या दिवशी तिला आप्पांसमोर बसवलं आणि मी विचारलं, ‘हा कोर्स तुम्ही का निवडला?’ मुलाखत इंग्रजीत होती. मी मराठीत सांगते.

वंदना ताठ बसली. आप्पांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, ‘सर, आधी माझी चूक सांगते. मी इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात थोडक्यात नापास झाले, म्हणून या बाजूने चालले आहे. कोर्स मी निवडला नाही, संदेश सरांनी निवडला. पर्यटनातलं मला काही कळत नाही. आमची मावळात जमीन नाही, लातूरलाही नाही. करायचं राहिलेलं काम म्हणजे पासपोर्टवर पत्ता बदलायचाय. लक्ष ठेवायची गोष्ट म्हणजे मुलगी लहान आहे, ती सासूबाईंजवळ राहील.’

काचेपलीकडे संदेशने कपाळाला हात लावला.

‘वंदना, अगं ओव्हर नाही द्यायची, इंटरव्ह्यू द्यायचाय!’

‘काय करावं मॅडम, असं समोर बसून कुणी विचारलं की तोंडातून तेच निघतंय. सवय तुम्हीच लावलीत की.’

ही सवय मोडायला मला तीन आठवडे लागले. लावायला वर्षं गेली होती. कुंपणानेच शेत खाणं म्हणजे काय, ते मला विचारा. रोज मी तिच्याकडून थोडं थोडं खरं काढून घेत होते, जखमेतली पट्टी काढावी तसं. तिसऱ्या आठवड्यात ती त्या रिसॉर्टबद्दल इतकी सफाईने बोलायला लागली, की संदेशने आत येऊन विचारलं, जागा नेमकी कुठं बघितलीय.

तिकडे कुरुळीत दुसराच घोळ झाला. वंदनाच्या खऱ्या मुलाखतीची तारीख आली, एवढ्यावर दत्ताच्या मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे नवऱ्याचे मित्र उतावळे. पाठीमागे विमान आणि उंच इमारती, मधोमध वंदना, गळ्यात स्टेथोस्कोप. ‘आमच्या वहिनी, कुरुळीची शान, परदेशी रवाना! हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून बावीस चेहरे, गॉगलसकट. त्यातले वंदनाच्या ओळखीचे पाच. आणि आमच्या भागात एकदा फ्लेक्स लागला की माणूस गेल्यातच जमा. मग व्हिसा मिळो न मिळो, त्याने जायलाच हवं.

मुलाखतीला आठवडा राहिला होता. दुपारी घरी मेथी निवडत बसले होते आणि स्मिताचा फोन आला. देशाचं नाव सांगत नाही. नियम सारखे बदलतात आणि उगाच कुणी मला पत्रं पाठवायला नकोत. तिकडे तेव्हा सकाळ होती.

‘कशी आहेस गं?’

‘सगळं ठीक आहे, मॅडम.’

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. स्मिता हे वाक्य माझ्यासमोर त्या डब्यानंतर एकदाही बोलली नव्हती.

मी म्हटलं, ‘स्मिता. पहिल्या बेडपासून सुरू कर.’

मग ती बोलू लागली, आणि अगदी ओव्हर दिल्यासारखी, सपाट आवाजात. कॉलेज म्हणजे एका दुकानाच्या वर दोन खोल्या. वृद्धाश्रमाचा मॅनेजर परवानगीपेक्षा जास्त तास काम करून घेतो आणि ते तास कागदावर लिहीत नाही. तक्रार केली तर म्हणतो, व्हिसावाल्यांना कळवू का, की तू नियम मोडलास? मग व्हिसा जाईल तो हिचा, त्याचं काही जाणार नाही. इथली नऊ वर्षांच्या अनुभवाची नर्स तिथे नर्स नाही. कौन्सिलमध्ये नाव नाही म्हणून ती फक्त मदतनीस. आणि मदतनीस म्हणून केलेलं काम नर्सिंगमध्ये धरत नाहीत. म्हणजे जितके दिवस ती तिथे राहील तितकी नर्सिंगपासून लांब जाईल. पुढे नाव नोंदवायला गेली तर विचारतील, मधली वर्षं कुठे होतीस? उत्तर काय, पर्यटन शिकत होते?

‘आणि मॅडम, सात नंबरच्या खोलीत एक आजी आहेत. शुगर आहे त्यांना. परवा मी गेले तर घामाने चिंब, बोलणं जडावलेलं. शुगर उतरली, बघताक्षणी कळलं. धावत जाऊन इथल्या नर्सबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तू मदतनीस आहेस, तू जाऊन चहा कर. मग मी चहा केला. चार चमचे साखर घालून, आणि आजींना पाजला.’

‘शाबास!’

‘आजी दहा मिनिटांत नीट बोलायला लागल्या. मला दुसऱ्या दिवशी लेखी ताकीद मिळाली. शुगरच्या पेशंटला साखर दिली म्हणून.’ मग तिचा सपाट आवाज मोडला. ‘मॅडम, मी सिस्टर होते ना हो?’

तिची मावळातल्या रिसॉर्टची उत्तरं माझ्या अक्षरात होती. मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मेथी सुनेने निवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सरावाच्या खोलीत वंदना आणि आणखी चार मुली होत्या. आप्पा टेबलामागे नजर लावून तयार. मी म्हटलं, ‘आज इंटरव्ह्यू नाही. आज मी ओव्हर देणार आहे. आधी माझी चूक.’

मी सगळं सांगितलं. स्मिताचं, मॅनेजरचं, साखरेचं, कौन्सिलचं. मी कधी काही विचारलं नाही, तेही सांगितलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी मी. काचेपलीकडे संदेश फोनवर होता, त्याला वाटत होतं शिकवणी चालली आहे.

आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आप्पा बोलले.

‘शिस्टरबाई, येक इचारू का ह्या पोरीला?’

‘विचारा की.’

आप्पांनी काठी वंदनाकडे केली. ‘तू शिस्टर हायेस न्हवं?’

‘हो आप्पा.’

‘मंग तितं जाऊन काय शिकनार?’

‘हॉटेलाचं, पर्यटनाचं.’

‘हाटेल काढायचंय?’

‘नाही ओ.’

‘मंग शिस्टर म्हनूनच का जाईनास?’

‘त्याला वर्ष लागतंय आप्पा. दीड वर्ष बी लागेल.’

‘मंग लागू दे की! माजं हाड जुळाया चार म्हैनं लागलं. रोज वाटायचं उटावं अन् घरला जावं. ह्या बाईनं येक दिस आधी उटू दिलं न्हाई. उटलो आसतो तर आज लंगडत आसतो.’

कुठल्याही दूतावासात इतकी चांगली मुलाखत होत नसेल. वंदना रडतही होती आणि हसतही होती. तेवढ्यात दार उघडून संदेश आत आला. ‘आप्पा, तुमाला बोलाया कुणी सांगितलं? तुमी निस्तं बघायचं!’

त्या दिवशी पाचातल्या तिघींनी कागद परत मागितले. संदेश काही वाईट माणूस नाही. तो कुणाला खोटं सांगत नसे. कॉलेजवाले जे सांगत ते तो पुढे सांगे, आणि मी ते पाठ करून घेई. त्याने मला काढलं, पण काय रीतीने! शनिवारी ऑफिसात शाल, श्रीफळ आणि हार. ‘मॅडमचं मार्गदर्शन आमच्या कायम लक्षात राहील,’ असं भाषणही केलं. सत्कार करून हाकललेली मी पहिलीच असेन. नारळ आप्पांच्या हस्ते दिला. देताना ते हळूच म्हणाले, ‘आता माला बी हितं बसू देत न्हाईत.’

रविवारी दत्ता आणि वंदना माझ्या घरी आले. मी मनाची तयारी ठेवली होती, माणूस चिडणार, ओरडणार. दत्ता खुर्चीच्या कडेला बसला आणि म्हणाला, ‘मॅडम, बाकीचं सगळं पटलं. पण त्या फ्लेक्सचं काय करावं?’

‘काढून टाक.’

‘बावीस जणांचे फोटो हायत त्याच्यावर. काढला की बावीस घरी जाऊन सांगावं लागतंय. भाजीवाला बी विचारायलाय, वहिनी कधी जायलेत.’

मग असं झालं की पंधरा दिवस वंदना कुरुळीतून ‘रवाना’ झालेली आणि रोज चाकणला ड्यूटीवर जाणारी, अशी दोन्ही होती. इकडच्या पोरी स्कूटरवर नाकापर्यंत स्कार्फ बांधतात तसा बांधून ती स्वतःच्याच फ्लेक्सखालून जायची. एकदा शुभेच्छुकांपैकी एकाने तिला लिफ्ट मागितली. शेवटी सासूबाईंनी एका पहाटे जाऊन विळ्याने दोऱ्या कापल्या, गठ्ठा घरी आणला आणि पत्र्याच्या गळक्या भागावर उलटा अंथरला. मुलगी झोपताना वर बघून सांगायची, पत्र्यावर आई आहे.

सरळ रस्ता खरोखरच लांबचा निघाला. दर रविवारी वंदना आणि कागद परत घेतलेल्या त्या दोघी माझ्याकडे यायच्या. मी एकच अभ्यास घेत असे: इंग्रजीत ओव्हर द्या. पेशंट नसले तर घरातल्यांची द्या. वंदनाने दत्ताची ओव्हर दिली ती मला अजून आठवते. ‘पेशंट जेवतो भरपूर, झोपतो भरपूर, ऐकत मात्र नाही.’ दत्ता दारात उभा राहून ‘काय म्हणायलीय?’ विचारत होता. लेखनात ती पुन्हा एकदा नापास झाली. त्या दिवशी ती मला म्हणाली, ‘मॅडम, स्टुडंट व्हिसावर गेले असते तर आतापर्यंत तिथं असते.’ ती खरं तेच बोलत होती. पुढच्या खेपेला ती पास झाली.

शेवटची मुलाखत तिकडच्या एका हॉस्पिटलची होती, व्हिडिओवर, माझ्या घरच्या डायनिंग टेबलावरून. मी शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. समोरच्या बाई बरंच काही विचारून शेवटी म्हणाल्या, ‘तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा.’

वंदना ताठ बसली. मला आप्पांची काठी आठवली.

तिने सांगितलं, की आमच्या वॉर्डात एका वेळी संतोष जाधव नावाचे दोन पेशंट होते. चाकण पट्ट्यात संतोष म्हणून हाक मारली तर निम्मा वॉर्ड उठून बसतो. तिने एकाची बीपीची गोळी दुसऱ्याला दिली. पाच मिनिटांत तिच्या लक्षात आलं. तिने डॉक्टरांना सांगितलं, मला सांगितलं, पेशंटच्या बायकोला सांगितलं, आणि सहा तास त्याच्या उशाशी बसून बीपी घेत राहिली. आणि ओव्हर देताना हे आधी सांगितलं, बाकीचं नंतर. त्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, ‘असं सांगायला तुम्हाला कुणी शिकवलं?’ मी टेबलाखाली लपावं की काय असं मला झालं.

स्मिता त्याच्या आधीच परत आली होती. तिकडच्या मॅनेजरने हाकललं म्हणून नाही, तिनेच ठरवून. ती आता एका हॉस्पिटलात पुन्हा सिस्टर आहे, जिला तिने शीर शोधायला शिकवलं तिच्या हाताखाली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘जाऊ द्या मॅडम.’ ती माझ्याकडे येते, रविवारी पोरींना चार चमचे साखरेची गोष्ट सांगते, त्या हसतात. पण पूर्वीसारखी ती माझी नक्कल करत नाही. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

वंदना गेली तेव्हा चौकात काही लागलं नाही. दत्ताने मित्रांना हात जोडले होते. मला म्हणाला होता, ‘मॅडम, ह्या खेपेला तुम्ही सांगितल्याशिवाय फ्लेक्स नाही.’ विमानतळावर मुलगी एकदाही रडली नाही, दत्ताच रडला.

ती गेल्यानंतर सात दिवस फोन नुसते छोटे छोटे. पोचले, खोली मिळाली, थंडी आहे. आठव्या दिवशी तिची पहिली पूर्ण ड्यूटी झाली आणि फोन वाजला. मी पहिल्याच रिंगला उचलला. ती ‘सगळं ठीक आहे’ म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

‘मॅडम, आधी चूक सांगते,’ वंदना म्हणाली. ‘चार नंबरच्या आजोबांचा ताप घेतला आणि लिहायचा राहिला. इन्चार्जबाईंना मीच जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, लिही आता. माझं इंग्रजी कुणाला पहिल्या खेपेला कळत नाही. जेवणात सगळीकडं बटाटा, अन् त्याला मीठ नाही. पाय सुजलेत. रोज मुलीची आठवण येऊन रडायलेय. लक्ष ठेवायची गोष्ट, दत्ता जेवतो का ते बघा. अन् मॅडम, माझ्या कपड्यावर नावाची पट्टी आहे. नावाखाली नर्स लिहिलंय.’

मी सगळं ऐकून घेतलं. मग दत्ताला फोन लावला आणि म्हटलं, ‘लाव आता.’